आकड्याची खूण

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६.
सकाळी साडेनऊला संगणक सुरू केला. काळा पडदा, वर पांढरी एक ओळ, पुढे काही नाही. तीनदा करून पाहिलं. शेषगिरींना फोन केला, ते अकराला आले. डिस्क गेली म्हणाले. शिवलीलेच्या विज्ञानाचे शेवटचे दोन धडे छापायचे राहिले आहेत. मजकूर पेनड्राइव्हवर शाबूत आहे. गुरुवारी चारच्या आत पार्सल द्यायला हवं. उजवा अंगठा दुखतो. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला.

वसुमतीबाई हुक्केरीकरांच्या डायरीतली कुठलीही नोंद उघडा, ती अशी घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीवर येऊन थांबते. ही शिस्त बेळगावच्या कॉन्व्हेंटातली. सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, मनात आलं ते हवं तेवढं लिहा, पण शेवटी घरात खरोखर घडलेली एक गोष्ट लिहा; मनातलं पुढे खोटं वाटू शकतं, घरातलं नाही. तेराव्या वर्षी लागलेली ती सवय चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती.

त्याच सिस्टरांनी दर शनिवारी दुपारी चार मुलींना बसवून ब्रेल शिकवलं होतं. पत्र्याची पाटी, त्यात जाड कागद, हातात टोचा. टोचायचं उजवीकडून डावीकडे आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, म्हणजे कागद पालटला की ठिपके सुलटे वर येतात. बाकीच्या तिघींनी वर्षभरात सोडून दिलं. वसुमती मात्र लग्न होऊन बंगळुरूला आली ती पाटी घेऊनच. इंदिरानगरच्या या घरात सकाळी डबा भरून झाला की ती टोचायला बसायची. निपाणीजवळच्या एका शाळेतल्या अंध मुलांसाठी मराठी पुस्तकं. आधी हाताने, आणि २००९ पासून संगणकावर. परवापर्यंत एकशे बारा झाली होती.

एकशे तेरावं शिवलीलेचं. ही मुलगी यंदा दहावीला. सोमवारपासून तिची शाळेतली शेवटची सराव परीक्षा, आणि त्यानंतर महिन्याभरात बोर्डाची. विज्ञानाचे अकरा धडे तिच्या हातात होते. प्रकाशाचा, म्हणजे भिंगाचा, आणि विजेचा, हे दोन नव्हते. त्यांची सव्वाशे पानं गुरुवारच्या बसने गेली तर शुक्रवारी तिच्या बोटांखाली येणार होती. नाही तर ती ते धडे नुसते ऐकून पेपर देणार होती, आणि गणितं काही ऐकून सुटत नाहीत.

शेषगिरींनी मंगळवारी नवी डिस्क बसवली. हा माणूस धारवाडचा, साठीला टेकलेला. बीडीए कॉम्प्लेक्समागे त्याचं दुरुस्तीचं दुकान. वसुमतीबाईंचे पती पद्माकर हयात होते तेव्हापासून या घरातल्या सगळ्या यंत्रांची नाडी त्याच्या हातात.

"सोळा वर्षं चालली अक्का ती डिस्क. माणूससुद्धा एवढं न कुरकुरता चालत नाही," स्क्रू तोंडात धरून ते म्हणाले. "ह्या वयाच्या मशीनला झेपेल अशी विंडोज घालतो. बिलासकट, अस्सल. तुमचा नियम मला ठाऊक आहे की."

"आणि ब्रेलचा प्रोग्रॅम?"

"तिथंच घोडं अडतंय. तुमची सीडी फार जुनी. नव्या विंडोजवर ती चढायची नाही."

"मग नवा घेऊ."

"नवा बाहेरून यायला तीन आठवडे. पण त्यांच्या साइटवर लिहिलंय, जुना परवाना असेल तर नवी आवृत्ती लगेच उतरवून घेता येते. नंबर पाहिजे फक्त."

वसुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला. नंबर हरवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. सीडीचं खोकं मागेच ओल लागून गेलं होतं, पण दर एक जानेवारीला नव्या डायरीच्या शेवटच्या पानावर त्या मागच्या वर्षीचे सगळे महत्त्वाचे नंबर उतरवून घेत. गॅस, पेन्शन, विजेचं मीटर, आणि 'ब्रेल प्रोग्रॅम परवाना'. बारा आकडी. सोळा वर्षं एकही वर्ष न चुकता.

बुधवारी सकाळी दहाला शेषगिरी पुन्हा आले. त्यांनी साइट उघडली. वसुमतीबाई शेजारी डायरी मांडीवर घेऊन बसल्या आणि पाढे म्हणावेत तशा ठणठणीत आवाजात आकडे सांगू लागल्या. शेषगिरी टाइप करत गेले.

"चार, एक, शून्य, दोन. सात, एक, पाच, सहा. तीन, एक, आठ, शून्य."

पडद्यावर लाल चौकट आली. असा परवाना नोंदलेला नाही. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती शेषगिरींनी वाचून दाखवली. तीनदा चूक झाली तर नंबर बंद होईल, मग कागदपत्रं पाठवून पडताळणी. पंधरा दिवस.

"परत सांगा बरं, स्वल्प सावकाश."

त्यांनी सांगितला. शेषगिरींनी बोट ठेवून पडद्यावरचा आकडा न् आकडा जुळवला. चूक नव्हती.

"शेवटचा शून्य आहे का इंग्रजी ओ? खोक्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कितीदा फसलोय मी."

वसुमतीबाईंनी डायरी डोळ्यांजवळ नेली. शून्यच होतं, पण मूळ खोक्यावर काय होतं हे आता कोण सांगणार. पद्माकरांना जाऊन आठ वर्षं होत आली.

"ओ घालून बघा," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी वेळ त्यांना त्या तीन शब्दांचा राग येत राहिला.

लाल चौकट पुन्हा आली. आता एकच संधी उरली होती.

शेषगिरींनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. मग कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड बोलली. नोंदवलेल्या ईमेलवर लगेच नंबर पाठवते म्हणाली. नोंदवलेला ईमेल पद्माकरांच्या कारखान्यातला निघाला, आणि तो त्यांच्या निवृत्तीबरोबर बंद झाला होता. मग मॅडम, मृत्यूचा दाखला आणि खरेदीचं बिल पाठवा, पंधरा कामाचे दिवस, असं तितक्याच गोडीने सांगून तिने फोन ठेवला.

स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. शेषगिरींनी शर्टाच्या खिशातून एक लाल पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"रागावू नका अक्का. ह्यात तोच प्रोग्रॅम आहे. कुलूप तोडलेला. काल एका गिऱ्हाइकाकडून मागून ठेवला. दहा मिनिटांत चालू होतंय."

"नको."

"पोरीच्या परीक्षेसाठी आहे. तुम्ही काय विकताय थोडंच? आणि कंपनीला काय कळणार आहे?"

"कंपनीला नाहीच कळणार. शिवलीलेलाही कळणार नाही. भीती त्याचीच आहे."

शेषगिरींना ते समजलं नाही, म्हणून वसुमतीबाईंनी त्यांना देवाप्पाची गोष्ट सांगितली. दहा वर्षांपूर्वी शाळेने घाईत दुसरीकडून एक पाढ्यांचं पुस्तक छापून घेतलं होतं, अशाच तोडलेल्या प्रोग्रॅमवर. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळे ठिपके नसतात. अक्षराचेच ठिपके, आणि आधी एक खूण. खूण दिसली की बोटांना कळतं, पुढे अक्षर नसून आकडा आहे. त्या पुस्तकात मधूनमधून खूणच गळली होती. बाराच्या जागी 'अब' उठलं होतं, तिनाच्या जागी 'च'. देवाप्पा नावाचा चौथीतला मुलगा आठवडाभर 'अब' आणि 'च' यांचा गुणाकार करत बसला. पुस्तक चुकलं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. आपणच मठ्ठ, असं समजून तो वर्गात बोलेनासा झाला.

"आपण चूक पाहून ओळखतो, शेषगिरी. त्यांना पानावर विश्वासच ठेवावा लागतो. कुठून काय कापलंय ते ठाऊक नसलेलं यंत्र मी त्यांच्या पानाला लावणार नाही. आणि यांचं म्हणाल तर..." त्या भिंतीवरच्या पद्माकरांच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, "जन्मभर कारखान्यात तपासणीला होते. शिक्का नसलेला बोल्ट कधी पास केला नाही. साहेबाचा असला तरी."

"ते मला माहीत आहे. माझ्याकडच्या वायरीसुद्धा मोजून बघायचे," शेषगिरी उठत म्हणाले. "सरी, बरं. दुकान उघडायला पाहिजे. हे मात्र इथंच ठेवून जातो. लावू नये वाटलं तर उद्या परत द्या. पण उद्या दुपारी एकनंतर मी देवसुद्धा आणला तरी सव्वाशे पानं चारच्या आत निघणार नाहीत, एवढं बघून घ्या."

पेनड्राइव्ह टेबलावर राहिला. वसुमतीबाईंनी त्यावर ओली ताटली पालथी घातली, माशी बसू नये म्हणून घालतात तशी. मग स्वतःच्याच करणीचं हसू येऊन ती काढली.

दीडला निपाणीहून फोन आला. शालनबाई, शिवलीलेच्या शिक्षिका.

"वसुमतीताई, उद्या निघतंय ना पार्सल? ही इथं उभीच आहे बघा, मला सुखानं जेवू देत नाही."

वसुमतीबाई काही बोलायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला होता.

"आजी, मी शिवलीला. भिंगाचा धडा आधी छापा हं. वीज नंतर आली तरी चालेल. विजेचं मला थोडं येतंय."

"पाठ केलंस वाटतं?"

"नाही, भावाने शॉक लावून दाखवला."

पलीकडे शालनबाई तिला ओरडल्या. वसुमतीबाईंनी खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही अशा बेताने उत्तर दिलं. "माझे प्रयत्न चालू आहेत, बाळ." फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असं गुळमुळीत वाक्य आपण आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो आहोत.

त्यांनी कपाटातून पाटी काढली.

हाताने एक पान टोचायला आता चाळीस मिनिटं लागत. सव्वाशे पानांचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. पण भिंगाच्या धड्याची पहिली पाच पानं जरी झाली तरी पार्सल रिकामं जाणार नव्हतं. अंगठ्याला चिंधी गुंडाळून त्या खिडकीशी बसल्या आणि उजवीकडून डावीकडे टोचू लागल्या. व्याख्या झाली. आकृतीखालची ओळ झाली. ताटली त्यांनी काढून ठेवली होती, त्यामुळे लाल पेनड्राइव्ह प्रत्येक ओळ संपताना नजरेला पडत होता. साडेचारच्या सुमारास तिसऱ्या पानावर पहिलं उदाहरण आलं. नाभीय अंतर वीस सेंटिमीटर.

हात सवयीने आधी खुणेकडे गेला. चार ठिपके खुणेचे, त्यानंतर यायचे दोन आणि शून्य. खूण टोचून झाली आणि टोचा तिथेच थांबला.

खुणेवाचून आकडा म्हणजे काय, हे त्या सकाळीच कुणाला तरी समजावून सांगत होत्या. आणि त्यांच्या डायरीतल्या आकड्यांना खूण कुठे होती?

त्या उठून डायरीकडे गेल्या. शेवटचं पान. ४१०२ ७१५६ ३१८०. त्यांच्या स्वच्छ हातचे मराठी आकडे. पण त्या नेहमीच मराठी आकडे लिहीत नव्हत्या. कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, लग्नानंतरही पस्तीस वर्षं तिची डायरी मराठीत आणि आकडे इंग्रजीत. मग सासूबाई कायमच्या इथे राहायला आल्या. त्यांना इंग्रजी आकडे येत नसत, आणि औषधांच्या वेळा त्या सुनेच्या डायरीत बघत. म्हणून वसुमतीबाईंनी एका दिवसात आकडे बदलले. कधी बरं? सासूबाई आल्या त्या २०१० च्या फेब्रुवारीत. प्रोग्रॅम आला होता त्याच्या आधीच्या वर्षी.

म्हणजे २०१० च्या जानेवारीत परवाना उतरवला तेव्हा तो इंग्रजीत. आणि २०११ च्या जानेवारीत तोच नंबर बघून उतरवला तेव्हा हात मराठी झालेला, डोळाही मराठी झालेला. इंग्रजी नऊ कसा दिसतो? वाटोळं डोकं, खाली शेपूट. 9. आणि मराठी एक? वाटोळं डोकं, खाली शेपूट. १. फोन नंबर तोंडपाठ होते, गॅस-पेन्शनचे दर महिन्याच्या कागदांवर होते, म्हणून ते चुकीतून वाचले. हा नंबर पंधरा वर्षांत कुणी एकदाही विचारला नव्हता. दर एक जानेवारीला, अंघोळ करून, नव्या पेनाने, त्या तीच चूक वळणदार अक्षरात पुढे नेत आल्या होत्या.

नंबरात एक तीन ठिकाणी होता. त्यातले कोणते खरे एक आणि कोणते मूळचे नऊ? आठ तऱ्हा होतात, त्यातली एक सकाळीच चुकली होती; उरल्या सात, आणि संधी एक.

जुन्या डायऱ्या दिवाणाखालच्या ट्रंकेत होत्या. गुडघे टेकवून त्यांनी ट्रंक ओढली. २०१० ची आधी हाताला आली, पण तिचं शेवटचं पान कधीतरी पाणी सांडून फुगलं होतं आणि शाई पसरून निळा डाग उरला होता. त्यांनी २००९ ची काढली. तिच्या शेवटच्या पानावर परवाना नव्हताच. बरोबर, प्रोग्रॅम वर्षाच्या मध्येच कधीतरी आला होता. तारीख काही केल्या आठवेना. आठवत होतं ते एवढंच की पद्माकर खोकं घेऊन दारात आले तेव्हा जिन्यावर चिखल होता, आणि खोकं ओलं होईल म्हणून त्यांनी ते डोक्यावर धरलं होतं. चिखल का? पाऊस नव्हता. गच्चीवरची टाकी धुवायला माणसं आली होती.

आता त्या मजकूर वाचत नव्हत्या. प्रत्येक नोंदीची फक्त शेवटची ओळ बघत पानं उलटत होत्या. सप्टेंबर: पोळपाटाचा पाय निघाला. नारळ नासका निघाला. ऑक्टोबर: पंखा पुसला. कढीलिंबाला कीड. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. नोव्हेंबर, चौदा तारीख, शनिवार: गच्चीवरची टाकी धुतली, गाळ दोन बादल्या.

त्याच्या वर, त्यांच्या मजकुराच्या मधोमध, दुसऱ्याच हाताची एक ओळ होती. नकाशावर लिहावेत तसे सुटे, उभे इंग्रजी आकडे. त्यांना आता आठवलं. त्या टाकीवाल्यांना पाणी द्यायला उठल्या होत्या आणि पद्माकरांनी उघड्या डायरीत स्वतःच नंबर लिहून टाकला होता. कुणी आपल्या डायरीला हात लावलेला त्यांना खपत नसे; त्या रात्री त्या बोलल्याही असतील.

पहिल्या गटात नऊ. मधल्या गटात एक, सरळ उभी काठी. शेवटच्या गटात नऊ. आणि शेवटी शून्यच, ओ नव्हे.

गुरुवारी सकाळी साडेनऊला शेषगिरी आले तेव्हा टेबलावर सतरा वर्षांपूर्वीची डायरी उघडी होती आणि तिच्यावर घडीचा चष्मा.

"पद्माकरअण्णांचं अक्षर," शेषगिरी वाकून म्हणाले. मग मागे सरले. "तुम्हीच घाला आज. काल माझ्या हातानं दोनदा लाल आलं."

"ते माझ्याच सांगण्यावरून."

"आज अण्णा सांगतायत. चालतंय की."

वसुमतीबाईंनी एका बोटाने बारा आकडे दाबले. शेषगिरींनी मूळ पानाशी ते तीनदा ताडून पाहिले. मग वसुमतीबाईंनी शेवटची कळ दाबली आणि पडद्याकडे न पाहता डायरीतल्या त्या ओळीकडे पाहत राहिल्या.

"हिरवं," शेषगिरी म्हणाले. त्या वर बघेनात तसं पुन्हा, "अक्का, हिरवं आलंय. मालकाचं नाव पी. व्ही. हुक्केरीकर म्हणतंय."

नवी आवृत्ती उतरायला पाऊण तास लागला. ब्रेलचे ठिपके उठवणारा प्रिंटर पहिल्यांदा कागदच ओढेना, तो साफ करण्यात आणखी वीस मिनिटं गेली. पावणेअकराला पहिलं पान खडखडत बाहेर आलं. पुढे यंत्राच्या हिशेबाने पानाला मिनिटभर. वसुमतीबाईंनी ते पान उजेडात धरलं नाही. डोळे मिटून बोट फिरवलं. नाभीय अंतर, मग खूण, मग दोन, मग शून्य.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या पानाला हात घातला. एकशे पंचवीस पानांतली प्रत्येक संख्या त्यांनी अशीच बोटाने तपासली. शेषगिरी दुकानाचे तीन फोन न घेता पानं लावत बसले. तीन वाजून दहा मिनिटांनी पार्सल शिवलं. शेषगिरी स्वतः ते स्कूटरवरून नेऊन बसवर घालून येतो म्हणाले.

दारात वसुमतीबाईंनी त्यांच्या हातावर लाल पेनड्राइव्ह ठेवला.

"तुमचा. लावला नाही."

"दिसतंय की," शेषगिरींनी तो खिशात टाकला. "पण काल ताटली कशाला घातली होती हो ह्याच्यावर? गोल डाग पडलाय टेबलावर."

"बस चुकेल तुमची," वसुमतीबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी दिवा लावून त्या लिहायला बसल्या. आधी या वर्षीच्या डायरीचं शेवटचं पान काढलं, परवान्याची ओळ एका रेघेने खोडली आणि खाली नंबर पुन्हा लिहिला. या वेळी आकड्यांत नाही, अक्षरांत: चार, नऊ, शून्य, दोन. सात, एक, पाच, सहा. तीन, नऊ, आठ, शून्य. मग दिवसाचं पान काढलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६.
पार्सल चारच्या बसने गेलं. पुस्तक एकशे तेरावं पूर्ण. चूक माझी होती, सन २०११ पासूनची. शालनला फोन करून भिंगाचा धडा वर ठेवला आहे असं सांगितलं. नळ अजून गळतो आहे. खाली पितळी बादली ठेवली.